चिंचोका

"चंदू, काही निघालं का रे?" उत्तराबाई खांबेट्यांनी ओट्याला टेकून विचारलं.

चंदू स्वयंपाकघराच्या फरशीवर उपडा पडला होता आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भांडी धुण्याच्या मशीनमध्ये गेला होता. तुंबलेलं खरकटं पाणी त्याने वाटीने उपसून बादलीत काढलं होतं, तळातली जाळी फिरवून बाहेर ठेवली होती. आता जाळीखालच्या खड्ड्यात, पाणी बाहेर फेकणारा छोटा पंखा असतो तिथे, त्याची बोटं चाचपत होती. काहीतरी गुळगुळीत हाताला लागलं. नखाने उचकटून त्याने ते वर आणलं.

"चिंचोका," तो म्हणाला.

"अगं बाई. आमटीतला असेल."

चंदूने तो खिशात टाकला. मागच्या खेपेलाही चिंचोकाच निघाला होता आणि तेव्हा त्यालाही आमटीच वाटली होती. पण आज फरशीवर पडल्यापडल्या त्याचं डोकं चालायला लागलं. खांबेट्यांच्या आमटीत आमसूल पडतं हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं, कारण उरलेली आमटी डब्यातून त्यांच्याच घरी यायची. शिवाय जाळी जागेवर असली तर तिच्यातून मोहरीचा दाणाही खाली जात नाही. म्हणजे कुणीतरी जाळी काढली होती, चिंचोका खाली टाकला होता आणि जाळी पुन्हा नीट बसवली होती. या घरात चिंच असायची ती एकाच जागी, मागच्या गॅलरीतल्या मोरीपाशी करवंटीत, देवाची तांब्यापितळेची भांडी घासायला. आणि त्या करवंटीला हात लावणारी बाईही एकच होती.

ती या क्षणी गॅलरीत बसून, मशीन बंद म्हणून पडलेली भांडी घासत होती. ती चंदूची आई, आवडाबाई.

उत्तराबाईंनी चहा केला. चंदूला तो फुलाफुलांच्या कपबशीत मिळाला, कारण तो मेकॅनिक म्हणून आला होता. मग उत्तराबाई पातेलं घेऊन मागच्या दाराशी गेल्या. आवडाबाईने हात धुतले, गॅलरीच्या कठड्यावर पालथा ठेवलेला बिनकानाचा निळ्या काठाचा कप उचलला आणि पुढे धरला. उत्तराबाईंनी वरून चहा ओतला. तो कप त्या कठड्यावर किती वर्षं होता कोण जाणे. चहा पिऊन झाला की आवडाबाई तो स्वतःच विसळायची, पुन्हा पालथा घालायची. घरातल्या फडताळात तो कधी गेला नव्हता आणि त्याबद्दल दोघींपैकी कुणी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. चंदूला मात्र आपल्या हातातली बशी जड झाली. त्याने चहा घाईघाईने संपवला आणि जीभ पोळून घेतली.

मशीन आलं होतं मस्कतहून. उत्तराबाईंची लेक वासंती आणि जावई तिथला मुक्काम हलवून बंगलोरला गेले, तेव्हा सामानातून हे धूड नौपाड्यात उतरलं. वडील गेल्यापासून आई एकटी असते, निदान भांड्यांचा तरी ताप नको, असा वासंतीचा विचार. ठाण्यात तेव्हा कपडे धुण्याची मशीनं बऱ्यापैकी झाली होती, पण भांडी धुण्याचं मशीन बघायला सोसायटीतल्या बायका सत्यनारायणाला यावं तशा येऊन गेल्या. खोपटला एसटी डेपोच्या मागे चंदूचं मशीन-दुरुस्तीचं दुकान होतं. असलं मशीन त्यानेही जन्मात पाहिलं नव्हतं. पण आवडाबाईचा मुलगा म्हणजे घरचाच, म्हणून ते त्याच्या गळ्यात पडलं.

पहिल्याच दिवशी उत्तराबाईंनी त्यात कपडे धुण्याची पावडर घातली. साबण तो साबण, असा त्यांचा हिशेब. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून फेस यायला लागला. तो ओट्याखालून निघाला आणि देवघरापर्यंत पोचला. आवडाबाई पदर खोचून सुपलीने फेस भरत होती, उत्तराबाई चौरंगावर चढून "चंदूला बोलव, चंदूला बोलव" म्हणत होत्या, आणि मग दोघी इतक्या हसल्या की आवडाबाईला खाली बसावं लागलं.

मग मिठाची गंमत झाली. ठाण्याचं पाणी मशीनला सोसत नाही, त्याच्या तळातल्या डब्यात अधूनमधून मीठ घालावं लागतं, हे चंदूने वासंतीला फोनवर विचारून घेतलं आणि दोघींना सांगितलं.

"मीठ?" आवडाबाई म्हणाली. "तेला काय कालवन करायाचा हाय?"

चंदूने दोघींना शेजारी बसवून मशीनची सगळी निगा शिकवली. जाळी डावीकडे फिरवून काढायची, नळाखाली धरायची, जुन्या दातांच्या ब्रशने घासायची. पाणी उडवणाऱ्या पंख्यांची भोकं पांढऱ्या खाराने बुजली की टाचणीने मोकळी करायची. दाराच्या रबराची घडी फडक्याने पुसायची. ॲल्युमिनियमचं पातेलं आत घालायचं नाही, काळं पडतं. उत्तराबाईंनी हे सगळं ऐकलं आणि वर आपला एक नियम बसवला. सगळ्यांचं उष्टं एकाच पाण्यात फिरतं हे त्यांना काही पटेना. म्हणून भांडी आधी मोरीत विसळायची, मग मशीनमध्ये लावायची आणि बाहेर काढल्यावर पुन्हा एकदा स्वच्छ पाण्यातून काढायची. म्हणजे एक भांडं तीनदा धुतलं जाई, आणि त्यातलं दोनदा आवडाबाईच धुई.

पण हे काही कायमचं नव्हतं. वासंती जाताना स्पष्टच म्हणाली होती, "मशीन नीट चालायला लागलं की आवडाबाईंना मोकळं कर, आई. त्यांचंही वय झालं." उत्तराबाई "हो" म्हणाल्या होत्या. मशीन सुधारलं की आवडाबाईचं या घरातलं येणं संपणार, हे त्या दिवसापासून तिघांनाही ठाऊक होतं.

चंदूला तेच हवं होतं. आवडाबाई मुळात भांडीवाली नव्हे. ती चेंदणी कोळीवाड्यातली कोळीण, डोक्यावर पाटी घेऊन सगळं ठाणं पालथं घातलेली. खाडीच्या पाण्याला वास यायला लागला, मासळी आटली, चंदूचे वडील गोमाजी होडी किनाऱ्याला ओढून बसले ते बसलेच, तेव्हा तिने नौपाड्यात घरं धरली. इतर घरं सुटत गेली, खांबेट्यांचं राहिलं. तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, त्यात थंडीत मेण भरावं लागे. चंदू गेली काही वर्षं तिला काम सोड म्हणून मागे लागला होता. खरं सांगायचं तर त्यात अर्धी माया होती आणि अर्धी लाज. नौपाड्यातल्या घरी मशीन उघडून बसलं की तिथली बाई हमखास म्हणे, "म्हणजे तू आवडाबाईचा का?" त्याला ते "का" आवडत नसे.

आवडाबाई दर वेळी एकच सांगायची, "बसून काय करू? भिंती बघू?" भांडी हे निमित्त होतं. भांडी झाली की ती गॅलरीत पाय पसरून बसे, उत्तराबाई उंबरठ्याच्या अलीकडे पाटावर बसत आणि दुपार कलेपर्यंत दोघींचं चाले. कोळीवाड्यात कुणाचं लग्न मोडलं, सोसायटीत कुणाच्या सुनेने काय केलं, खांबेटे आजारी असताना काय काय झालं. उंबरठा दोघींच्या मध्ये असे. तो कुणी ओलांडत नसे, पण बोलणं काही त्याच्यासाठी थांबत नसे.

त्या संध्याकाळी चंदू घरी आला तेव्हा आवडाबाई ओटीवर सुकट निवडत होती. त्याने खिशातून चिंचोका काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

"आये, हा बघ. काकूंच्या मशीनमध्ये मिळाला. मागच्या टायमाला पण मिळालेला."

आवडाबाईने तो उचलला, अंगठ्याने पुसला.

"जाळी काढल्याशिवाय तो आत जात नाय," चंदू म्हणाला. "मुद्दाम टाकलेला आहे. काम जाईल म्हणून भीती वाटत असेल तर मला बोलायचं ना. मी काय मेलोय? लोकांच्या मशीनमध्ये कचरा टाकायचा आणि नाव माझं खराब. उद्या सोसायटीत बोलतील, चंदूने रिपेअर केलेलं मशीन टिकत नाय."

आवडाबाईचं तोंड उभ्या कोळीवाड्यात नावाजलेलं होतं. चंदूने मनातल्या मनात कान बंद करून घेतले होते. पण ती ओरडली नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"तुना असा वाटला?"

"दुसरं कोण टाकणार?"

ती पुन्हा सुकटीकडे वळली. मूठभर निवडून झाल्यावर म्हणाली, "बरा. उद्यापासून मी नाय जायाची. वैनीला सांग, मशीन चालव बोल."

चंदूला वाटलं, सुटलो. इतकी वर्षं बोलून जे झालं नव्हतं ते एका चिंचोक्याने झालं होतं. हवं ते मिळालं की ते कसं मिळालं याची चौकशी माणूस फारशी करत नाही, आणि चंदूही माणूसच होता. रात्री तो दोन घास जास्त जेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने उत्तराबाईंना सांगितलं, "आई आता थकली, काकू. नाय यायची."

"काही म्हणाली का?"

"नाय. मशीन चालवा बोलली."

उत्तराबाईंनी गॅस बारीक केला. मागच्या दाराकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरलेला चंदूला दिसला, पण काम वाढलं म्हणून उतरला असेल अशी त्याने आपली समजूत घातली.

आवडाबाई भिंती बघत बसली नाही. आठ दिवसांत तिने माळ्यावरची जुनी पाटी उतरवली, धुऊन वाळवली आणि सुके बोंबील, सुकट, वाकट्या घेऊन जांभळी नाक्यावरच्या बाजारात जाऊन बसली. तिथल्या जुन्या बायकांनी सरकून तिला जागा दिली. घरात ती पूर्वीसारखीच वावरत होती. चंदूला वाढत होती, जेवलास का विचारत होती. फक्त त्याला "पोरा" म्हणणं तिने सोडलं होतं. कुणाच्या लक्षात यावी अशी ही गोष्ट नव्हती. चंदूच्या मात्र पहिल्याच दिवशी लक्षात आली, आणि विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

संक्रांत झाली. खोपटच्या दुकानाशेजारच्या पानवाल्याकडे उत्तराबाईंचा फोन आला, मशीन पुन्हा तुंबलंय.

चंदू गेला. पाणी उपसलं, जाळी फिरवून काढली, उपडा पडला आणि हात आत घातला. बोटांना ते गुळगुळीत लागलं तेव्हा त्याने हात तिथेच थांबवला. मागे गॅलरीत भांड्यांचा आवाज नव्हता. तिथे पाऊल टाकून त्याच्या आईला दीड महिना होऊन गेला होता. तो तसाच पडून राहिला. फरशी गार होती. मागे उत्तराबाई उभ्या आहेत हे त्याला त्यांच्या पावलांवरून कळत होतं. या खेपेला त्यांनी काही निघालं का, असं विचारलं नाही.

चंदूला राग आला. या बाईमुळे आपण आईला चोर ठरवलं. तो उठून बसला, वळला आणि त्याने वर पाहिलं. उत्तराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्याने त्यांना कधी असं, बोलणी खायच्या तयारीत उभं असलेलं पाहिलं नव्हतं. राग कुठे ठेवावा ते त्याला कळेना. त्याने चिंचोका मुठीतच ठेवला.

"पंखा अडकलेला, काकू. झालं आता."

"राहू दे दोन दिवस बंदच," त्या म्हणाल्या. "आवडाबाईला विचारशील का? बंद आहे म्हणावं, भांडी पडलीत."

बेसिनमध्ये एक ताट, एक वाटी आणि चहाचं पातेलं होतं.

"ती आता बाजारात बसते. तिला टाइम नसतो."

"हो का," उत्तराबाई म्हणाल्या. मग ओट्यावरचं फडकं उगाच झटकून त्यांनी घडी केली. "दुपार जात नाही रे चंदू. मशीनचा आवाज ऐकत बसते. तो थांबला की मग काहीच नसतं."

चंदूने जाळी बसवली. भांड्यांच्या जाळ्या परत आत सरकवताना त्याला वरच्या जाळीत, फुलाफुलांच्या कपांच्या रांगेत, बिनकानाचा निळ्या काठाचा कप दिसला. तो लख्ख धुतलेला होता.

"तो आता आतच असतो," उत्तराबाई म्हणाल्या. "तिला सांग तेवढं."

चंदू घरी आला. आवडाबाई रिकामी पाटी पुसत होती. तो तिच्या शेजारी ओटीवर बसला.

"आये, तो चिंचोका काकू टाकायच्या."

"मना ठाव हाय."

"ठाव हाय? कधीपासून?"

"पयल्यापासून. मीनी बघली व्हती तिला जाली काढताना."

"मग त्या दिवशी बोललीस का नाय?"

"कनाला बोलू?" आवडाबाईने पाटी भिंतीला उभी केली. "येवढी शिकलेली बाय. नवरा गेला, पोरगी लांब. मी भांडी घासाला यावा म्हनून चोरावानी चिंचोका टाकते. तिची लाज मी तुज्यापुढं काढू?"

चंदूने चिंचोका काढून ओटीवर ठेवला.

"तिना टाकला, ता मना कलला व्हता," ती म्हणाली. "तुना माजा नाव घेतला, ता नाय कलला."

"चुकलो, आये."

आवडाबाईने आत जाऊन त्याचं ताट वाढलं. तो जेवत असताना त्याने तिला कपाचं सांगितलं. ती किंचित हसली.

"येवढी वरसा भायेर व्हता. आता आत जाऊन काय करील?" मग ताकाचं भांडं त्याच्याकडे सरकवत म्हणाली, "मी आता भांडी नाय घासाची कोनाची. वैनीला बोलायाचा आसल तर मी नाक्यावर बसतंय. तेवढा सांग."

चंदूने निरोप पोचवला. "नाक्यावर? मासळीबाजारात?" एवढंच उत्तराबाई म्हणाल्या. ज्यांच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद, त्या तिथे कशाला जातील, असं चंदूला वाटलं. त्याने विषय सोडून दिला. मशीन मात्र त्यानंतर तुंबलं नाही.

शिमग्याच्या आधी एकदा तो लूनाच्या मागे धुण्याच्या मशीनची मोटर बांधून जांभळी नाक्यावरून चालला होता. दुपारची वेळ, गिऱ्हाईक तुरळक. सुक्या मासळीच्या बायकांच्या रांगेत त्याला आईचं लुगडं दिसलं आणि तिच्यासमोर, फळांच्या उपड्या खोक्यावर बसलेल्या उत्तराबाई दिसल्या. त्यांच्या मांडीवर पिशवी होती आणि तिच्यातून मेथीची जुडी डोकावत होती. दोघींच्या मध्ये सुक्या बोंबलांची पाटी होती. उत्तराबाईंनी पदर नाकाला लावला नव्हता. आवडाबाई हातवारे करून काहीतरी सांगत होती.

चंदूने लूना कडेला घेतली, पण तो उतरला नाही. तेवढ्यात आवडाबाईने कोपऱ्यावरच्या चहावाल्याला हात केला. चहावाल्याने दोन ग्लास उचलले, बादलीतल्या गढूळ पाण्यात एकदमच बुचकळले, झटकले, चहा ओतला आणि दोघींच्या पुढ्यात आणून ठेवला.

उत्तराबाईंनी बादलीकडे पाहिलं. चंदूला ते लांबूनही दिसलं. मग त्यांनी आपल्या जवळचा ग्लास उचलला, फुंकर घातली आणि एक घोट घेतला. आवडाबाईचं बोलणं चालूच होतं. मध्येच दोघी हसल्या, आणि आवडाबाईला हसताहसता ग्लास खाली ठेवावा लागला.

हसू ओसरलं तेव्हा आवडाबाईची नजर रस्त्यापलीकडे गेली आणि तिथे थांबली. चंदूने हात वर करावा की नाही असा विचार केला. तिने त्याला पाहिलं होतं. तिने बोलावलं नाही. ती पुन्हा उत्तराबाईंकडे वळली.

चहावाल्याने रिकामे ग्लास नेले, त्याच बादलीत बुचकळले आणि दुसऱ्या कुणाला चहा दिला. चंदूने मागे बांधलेली मोटर हलत नाही ना हे हाताने चाचपून पाहिलं, लूना सुरू केली आणि तो खोपटकडे निघाला. तिकडे एका गिऱ्हाइकाचं मशीन उघडं पडलं होतं.